जपानी ‘का’ आणि आपलं ‘का’

आज जरा लांबच्या गावाला जायचंय, जपान आणि चीनला. पण तिकीट नको, पासपोर्टही नको. आज आपण या दोन देशांच्या भाषांबद्दल बोलणार आहोत.

तुम्ही म्हणाल, आमचं इथं पापड, लोणची, शेळ्या आणि बचत गटाचे हप्ते चाललेत, त्यात जपानी भाषा कुठून आली? ती घरात आलीच आहे. बारावी झालेली किंवा नर्सिंगचा कोर्स केलेली मुलगी मोबाइलवर जाहिरात बघते, ‘जपानी शिका, जपानमध्ये नोकरी मिळवा.’ मग ती आईला विचारते, आई गटाला विचारते आणि गटापुढे कर्जाचा अर्ज येतो. ही भाषा काय आहे, ती यायला किती दिवस लागतात आणि यात खरं किती, फसवणूक किती, हे गटातल्या बायांना माहीत नसेल तर निर्णय कुणीतरी तिसराच घेतो. म्हणून आज थोडी भाषा, थोडा मोबाइल आणि थोडा हिशेब.

आधी एक गैरसमज काढू. चिनी आणि जपानी एकच भाषा नाही. लिहिताना दोन्ही सारख्या दिसतात, पण बोलताना एकीचं दुसरीला कळत नाही. झालं असं, की जपानी माणसांनी दीड हजार वर्षांपूर्वी चीनकडून लिपी घेतली. अक्षरं त्यांची, बोलणं स्वतःचं. आपणही हिंदी, संस्कृत आणि मराठी एकाच देवनागरीत लिहितो, तसंच काहीसं.

आता गंमत ऐका. जपानी भाषा मराठी माणसाला वाटते तेवढी अवघड नाही. इंग्रजीत आधी ‘मी खाते’ आणि मग ‘भात’ येतो. आपण म्हणतो, ‘मी भात खाते.’ जपानी माणूस म्हणतो, ‘वाताशी वा गोहान ओ ताबेमासु.’ वाताशी म्हणजे मी, गोहान म्हणजे भात, ताबेमासु म्हणजे खाते. क्रम तोच, क्रियापद शेवटी. आणि गोहान म्हणजे शिजवलेला भातही आणि जेवणही. कोकणातल्या मैत्रिणींना हे वेगळं समजवायला नको.

आपण ‘पुण्याला’ म्हणताना ‘ला’ मागे लावतो. तेही ‘पुणे नि’ असं मागेच लावतात. ‘माझं घर’ म्हणायचं तर ‘वाताशी नो इए’. हा ‘नो’ म्हणजे आपला चा-ची-चे. वर एक सोयही आहे. मी खातो, ती खाते, ते खातात, या सगळ्यांना एकच ताबेमासु. बाई-पुरुष, एक-अनेक असा फरक क्रियापदात नाही.

सगळ्यात गोड गोष्ट म्हणजे प्रश्न विचारायची पद्धत. ‘इकिमासु’ म्हणजे जाते. ‘इकिमासु का?’ म्हणजे जाता का? आपलं ‘का’ जसंच्या तसं! वाक्याच्या शेवटी ‘ने’ लावला की तो आपला ‘ना’ झाला. ‘आत्सुइ देसु ने’ म्हणजे ‘गरम होतंय ना!’ एकमेकींना होकार मागत बोलायची आपली सवय त्यांनाही आहे. या दोन भाषा सख्ख्या बहिणी नाहीत, हा योगायोग आहे. पण शिकणारीला तो कामाला येतो. उच्चाराची एक खूण सांगून ठेवते. देसु, ताबेमासु यातला शेवटचा ‘उ’ जवळजवळ ऐकू येत नाही. कानाला देस, ताबेमास असंच वाटतं.

लिपीतही आपला एक धागा आहे. जपानीत तीन प्रकारची अक्षरं वापरतात. पहिली हिरागाना, दुसरी काताकाना. या दोन्हींत मूळ ४६-४६ अक्षरं. तिसरी कांजी, म्हणजे चीनकडून आलेली चित्रासारखी अक्षरं. आता हिरागानाचा क्रम बघा. आधी आ, इ, उ, ए, ओ. मग का, की, कु, के, को. पुढे सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपल्या बाराखडीच्या चालीवर म्हणता येतं की नाही? बौद्ध धर्माबरोबर संस्कृत अक्षरांचं शिक्षण चीनमार्गे जपानला गेलं आणि भिक्षूंनी त्या वर्णमालेच्या धर्तीवर आपली अक्षरं मांडली. आपल्या ‘च’च्या जागी त्यांचा ‘सा’ आहे आणि ‘प’च्या जागी ‘हा’, कारण त्यांचा ‘हा’ जुन्या काळी ‘पा’सारखा उच्चारला जायचा. म्हणून अंगणवाडीत बाराखडी शिकवणारी आपली ताई हिरागाना लवकर शिकेल, हे मी खात्रीने सांगते.

काताकाना वापरतात बाहेरून आलेल्या शब्दांसाठी. आपण स्टेशनचं ‘ठेसन’ केलं, तसं त्यांनी बसचं ‘बासु’, हॉटेलचं ‘होतेरु’, मिल्कचं ‘मिरुकु’ केलं. त्यांच्याकडे ‘ल’ वेगळा नाही, ‘र’वरच भागवतात. ‘ळ’ तर नाहीच.

एका गोष्टीत मात्र सांभाळायला हवं, ती म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ. ‘ओबासान’ म्हणजे मावशी, काकू. ‘ओबाऽसान’, ‘बा’ लांबवला, की आजी. पन्नाशीच्या बाईंना चुकून आजी म्हटलंत तर तिथंही तोंड फिरवतील! आणि कुणालाही नुसत्या नावानं हाक मारायची नाही. नावापुढे ‘सान’ लावायचं. आपण ताई, राव, भाऊ लावतो तसं.

आकडे तर फारच सोपे. इचि, नि, सान, योन, गो, रोकु, नाना, हाचि, क्यु, जु. हे झाले एक ते दहा. अकरा म्हणजे जु-इचि, ‘दहा-एक’. पंचवीस म्हणजे नि-जु-गो, ‘दोन-दहा-पाच’. चिनीतही हीच पद्धत आहे. आपल्याकडे एकोणसत्तर, एकोणऐंशी पाठ करताना पोरं रडकुंडीला येतात. तिथं दहा आकडे आले की नव्व्याण्णवपर्यंत पोहोचलात. पुढे मात्र त्यांच्याकडे लाख नाही. दहा हजारांना ते ‘मान’ म्हणतात. एक लाख म्हणजे दहा मान. हा ‘मान’ लक्षात ठेवा, पगाराच्या हिशेबात लागणार आहे.

आता चिनीकडे वळू. चिनीत वाक्याचा क्रम इंग्रजीसारखा, ‘वो छ्र फान’, म्हणजे ‘मी खाते भात’. क्रियापदाला काळ नाही, लिंग नाही, वचन नाही. व्याकरण हलकं आहे, वजन सगळं सुरात आहे. ‘मा’ हा एकच उच्चार घ्या. उंच सरळ सुरात म्हटला तर आई. खालून वर चढवला तर तागासारखं धाग्याचं झाड. खाली नेऊन परत वर आणला तर घोडा. वरून खाली आपटला तर रागावणं. आपल्याला हे नवीन वाटतं, पण आपणही एकाच ‘हं’मधून किती अर्थ काढतो! ‘हं’ म्हणजे ऐकतेय. ‘हं?’ म्हणजे काय म्हणालीस? ‘हंऽऽ’ म्हणजे आता कळलं. फरक एवढाच, की आपल्याकडे सुराने भाव बदलतो, चिनीत शब्दच बदलतो. म्हणून चिनी डोळ्यांनी नाही, कानांनी शिकायची.

चित्राक्षरांना घाबरू नका. त्यातली काही रांगोळीसारखी आहेत. तीन उभ्या रेघा खालून आडव्या रेघेने जोडल्या, मधली उंच ठेवली, की झाला डोंगर. एक उभी, एक आडवी आणि दोन बाजूंना दोन तिरक्या रेघा म्हणजे झाड. दोन झाडं शेजारी काढली की राई, तीन काढली की दाट वन. माणूस झाडाला टेकला की विसावा. बाई आणि लेकरू शेजारी आले की ‘चांगलं’. चिनी माणूस ‘नी हाओ’ म्हणून नमस्कार करतो, त्यातला ‘हाओ’ हाच. आणि छपराखाली बाई काढली की शांती. तेच अक्षर जपानीत ‘स्वस्त’ या अर्थानेही वापरतात. यावर गटात बसून हसायला हरकत नाही.

ही अक्षरं शिकून खरोखर काय साधतं, याचं उदाहरण आपल्या सोलापूरचंच आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतातून गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात चीनला गेले. तिथं जपानशी युद्ध चालू होतं. जखमी सैनिकाला ‘कुठं दुखतंय’ हे विचारायचं तर त्याची भाषा हवी. कोटणीस चिनी बोलायला, वाचायला शिकले. तिथल्याच परिचर्येचं काम करणाऱ्या ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ ला, अवघ्या ३२ व्या वर्षी, ते तिथंच वारले. चीनमध्ये आजही त्यांचं नाव आदराने घेतात. औषध सगळे डॉक्टर देतात, पण रुग्णाला त्याच्या भाषेत धीर देणारा डॉक्टर माणसं विसरत नाहीत.

आता आजच्या मुलींकडे येऊ. जपानमध्ये दर शंभर माणसांत २९ जण पासष्टीच्या पुढचे आहेत. म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायला हात कमी पडतात. म्हणून एप्रिल २०१९ पासून त्यांनी ‘विशिष्ट कौशल्य कामगार’ नावाचा व्हिसा सुरू केला. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपान यांच्यात त्यासाठी करार झाला. वृद्धांची सेवा, शेती, अन्नप्रक्रिया, इमारतींची सफाई अशी कामं त्यात येतात. जपानी माणसाला त्याच कामाला जो पगार मिळतो, तेवढा तरी द्यायचाच असा नियम आहे. या व्हिसाच्या पहिल्या पायरीवर जास्तीत जास्त ५ वर्षं राहता येतं, पण नवरा-मुलांना बरोबर नेता येत नाही. हे घरात आधी बोलून घ्यावं.

यासाठी भाषेची परीक्षा द्यावीच लागते. जपानी भाषेची जगभर चालणारी परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. आपल्याला पुणे आणि मुंबई ही केंद्रं जवळची. पुण्यात जपानी शिकवण्याची परंपरा जुनी आहे, शिक्षकही मिळतात. परीक्षेच्या पाच पायऱ्या आहेत. एन-५ सर्वांत सोपी, एन-१ सर्वांत अवघड. कामाच्या व्हिसासाठी एन-४ किंवा त्या तोडीची दुसरी ठरलेली परीक्षा लागते, शिवाय कामाच्या कौशल्याची परीक्षा वेगळी. वृद्धसेवेसाठी तर त्या कामातल्या भाषेची आणखी एक परीक्षा असते.

एन-५ साठी साधारण ८०० शब्द, १०० चित्राक्षरं आणि दीडशे तास अभ्यास धरा. एन-४ साठी १,५०० शब्द, ३०० चित्राक्षरं आणि एकूण तीनशे तास. रोज एक तास म्हटलं तर तीनशे दिवस झाले. सण, लग्नसराई, सुगी धरली तर वर्ष-सव्वा वर्ष. म्हणून कुणी म्हणालं, ‘तीन महिन्यांत भाषा, चौथ्या महिन्यात विमान’, तर तिथंच सावध व्हा.

अभ्यासाला पैसे लगेच ओतायची गरज नाही. हातातला मोबाइल खूप काही देतो.

पहिलं, जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचे, एनएचके वर्ल्डचे, सोपे जपानी धडे इंटरनेटवर फुकट आहेत. जपान फाउंडेशनचं ‘इरोदोरी’ हे पाठ्यपुस्तक आवाजासकट फुकट उतरवता येतं. दुकानात, कामावर, दवाखान्यात काय बोलायचं, असं रोजच्या जगण्यातलं बोलणं त्यात आहे. पहिले तीन महिने एवढ्यावर काढा. मुलगी टिकली, तर मग क्लासची फी.

दुसरं, मोबाइलच्या कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन जपानी किंवा चिनी भाषा जोडा. इंग्रजी अक्षरांत ‘मिझु’ टाइप केलं की वर जपानी अक्षरं येतात आणि पाण्याचं चित्राक्षर निवडता येतं. चिनीतही तसंच. बोटाने अक्षर काढायची सोयही असते. त्याने अक्षर ओळखता येतं आणि हातही वळतो.

तिसरं, स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा. धड्यातलं वाक्य ऐका, आपलं ऐका, फरक शोधा. व्हिडिओचा वेग पाऊणपट करता येतो. भाकरी थापताना कानात धडा लावला तर तोही अभ्यासच.

चौथं, भाषांतराचं ॲप. हे तर जपानी न शिकणाऱ्या मैत्रिणींच्याही कामाचं. गटाने घेतलेल्या पिशव्या सीलबंद करायच्या मशीनवर किंवा बॅटरीच्या फवारणी पंपावर बऱ्याचदा सगळं चिनीत लिहिलेलं असतं. ॲपमधला कॅमेरा उघडून त्या कागदावर धरा, मराठीत अर्थ दिसतो. रेंज नसते तिथं उपयोग व्हावा म्हणून मराठी, चिनी आणि जपानी या भाषा आधीच वायफायवर ॲपमध्ये उतरवून ठेवा. पण एक लक्षात असू द्या. बटणाचं नाव चुकलं तर फार बिघडत नाही. औषधाचं प्रमाण, कीटकनाशकाचं माप, विजेची जोडणी, यासाठी मात्र ॲपवर विसंबू नका. जाणकाराला विचाराच.

ॲपशी बोलायचं तर वाक्य छोटं आणि सरळ ठेवा. ‘पोटात कावळे ओरडतायत’ म्हणालात तर तिकडे खरोखरचे कावळे जातील. ‘मला भूक लागली आहे’ म्हणा. मग आलेलं जपानी वाक्य पुन्हा मराठीत करून बघा. अर्थ तोच आला तर बरोबर.

आता शेवटचा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग, पैशांचा. गटापुढे कर्जाचा अर्ज आला तर या गोष्टी तपासा.

एक, एजंट नोंदणीकृत आहे का? परदेशात नोकरीला पाठवणाऱ्या एजंटांची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाकडे असते. ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर यादी आहे. तिथं नाव आणि नोंदणी क्रमांक स्वतः शोधा. एजंटाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला दाखल्याचा फोटो म्हणजे नोंदणी नव्हे.

दोन, अशा एजंटाला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. भाषेच्या क्लासची फी वेगळी असू शकते, पण ती कशाची, किती आणि मुलीने मध्येच सोडलं तर किती परत, हे कागदावर हवं. पैसे रोख आणि पावती नाही, तर व्यवहार नाही.

तीन, टुरिस्ट व्हिसावर नोकरी करता येत नाही. ‘आधी फिरायला जा, तिथं गेल्यावर बदलून देऊ’ असं म्हणणाऱ्याला दारातूनच नमस्कार करा.

चार, पगाराचा आकडा येनमध्ये आहे की रुपयांत? ‘वीस मान’ म्हणजे दोन लाख येन. ऐकायला भारी वाटतं. पण एका येनचा पूर्ण रुपया होत नाही. अलीकडे तो अर्ध्या रुपयाच्या थोडा वर असतो. त्या दिवसाचा दर मोबाइलवर बघा. मग कर, विमा, खोलीभाडं, जेवण वजा करा. हातात राहील त्यातूनच हप्ता जाणार आहे.

पाच, नोकरीचा करार मुलीला कळेल अशा भाषेत मागून घ्या. पासपोर्ट तिने स्वतःकडेच ठेवायचा, एक प्रत घरी. ओटीपी, बँकेचे तपशील, पासपोर्टचे फोटो अनोळखी नंबरवर पाठवायचे नाहीत. काही खटकलं तर मुंबईत परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठी ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ हे सरकारी कार्यालय आहे, तिथं तक्रार करता येते.

हे ऐकून मुलीला अडवू नका. उलट या पाच गोष्टी तिलाच तपासायला सांगा. जी मुलगी स्वतः यादी शोधते, स्वतः येनचा हिशेब मांडते, ती परक्या मुलखातही डोळे उघडे ठेवेल. आणि समजा ती गेलीच नाही, तरी भाषा वाया जात नाही. जपानी कंपन्यांना आपल्याकडेही दुभाषे, भाषांतरकार लागतात. पण त्यासाठी वरच्या पायऱ्या चढाव्या लागतात, हेही खरं.

या आठवड्यात गटाच्या बैठकीत एवढं करून बघा. एकीने विचारायचं, ‘दाइजोबु देसु का?’ म्हणजे, बरं आहे ना? दुसरीने म्हणायचं, ‘हाइ, दाइजोबु देसु.’ हो, बरं आहे. जपानमधल्या एखाद्या म्हाताऱ्या आजीच्या उशाशी बसून आपली लेक कदाचित हेच विचारेल. सोबत आणखी तीन शब्द पाठ करा. मिझु म्हणजे पाणी. कुसुरी म्हणजे औषध. इताइ म्हणजे दुखतंय. सेवा करणारीला आधी हेच लागतात.

जपानी मैत्रिणी निरोप घेताना म्हणतात, ‘माता ने’. पुन्हा भेटू ना! नमस्कार.